विटेपासून काठीपर्यंत

त्या वर्षी लाकूड वाळलंच नाही. पाऊस गेला असं वाटायचं आणि परत यायचा. शेवटी गेला तो आपल्या जागेवर धुकं बसवून. सरपणाचे ढीग ताडपत्रीखाली होते, तरी हात लावला की गार आणि ओलसर लागायचे. असं लाकूड चुलीत सारलं की आधी त्याच्या टोकाला फेस यायचा, मग ते कुरकुरायचं, मग सगळं घर धुरानं भरायचं आणि त्यानंतर कुठे, मनात आलं तर, पेट घ्यायचं. गाव खोलगट जागेत होतं. खालच्या आळीतला धूर सकाळी जरा वर चढायचा, धुक्याला टेकायचा आणि तिथेच मुक्काम करायचा.

खालच्या आळीतलं शेवटचं घर गवंड्याचं. गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधलेलं जे वजन सोडतात, तो ओळंबा त्याच्या खिशात कायम असायचा, आणि माणूसही तसाच होता. वाकडं त्याला बघवत नसे. कोणाकडे चहाला गेला तरी दाराची चौकट डोळ्यांनी मापायचा आणि वाकडी असली तर तसं सांगून यायचा. त्यामुळे त्याला चहाला फारसं कोणी बोलवत नसे.

घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. मागच्या थंडीत आईला श्वास पुरेनासा झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि धुरापासून लांब राहायला सांगितलं. बाहेरच्या खोलीत भिंतींना पाणी सुटायचं, म्हणून आईचं अंथरूण स्वयंपाकघरातच, चुलीच्या शेजारी होतं. तिथे झोपणाऱ्या बाईने धुरापासून लांब म्हणजे नेमकं कुठे जायचं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षीच्या थंडीच्या तोंडावर गावात नव्या चुली आल्या. विटांची चूल, आत जाळाला वळण देणारी वाट, वर लोखंडी पत्रा आणि धूर थेट छपराबाहेर नेणारी नळी. पत्रे आणि नळ्या शहरातल्या एका कार्यालयाकडून यायच्या, बांधणार ओळंबा. त्यासाठी त्याला शिकवायलाही नेलं होतं. पण चुली अर्ध्याच घरांना मिळणार होत्या. बाकीच्यांनी ती थंडी जुन्या चुलीवर काढायची, म्हणजे दोन्हींकडचा धूर मापून बघता येईल की नवीने खरंच फरक पडतो का. पडतो असं दिसलं तर पुढच्या थंडीआधी उरलेल्यांनाही नवी चूल मिळेल. नाही दिसलं तर काम तिथेच थांबणार.

कोणाला नवी आणि कोणाला जुनी, हे शाळेच्या पटांगणात चिठ्ठ्या टाकून ठरलं. ओळंब्याने आपल्या घरची चिठ्ठी आपल्याच हाताने उचलली. जुनी.

"अहो, गावभर चुली बांधता," बायको त्या संध्याकाळी म्हणाली, "एखादी आपल्याकडे चुकून बांधली गेली तर?"

"चूल चुकून बांधली जाते का?"

"तुमच्या हातून नाही जात. तेच तर दुखणं आहे."

आई चुलीपुढे पाटावर बसून फुंकणीने फुंकत होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि श्वास गोळा केला. "बापावर गेलाय," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी याचा बाप माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलला, तर तुमच्या भिंतीला पोट आलंय."

तिघंही हसली. आईचं हसणं खोकल्यात गेलं आणि सूनबाईने उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीची हाडं हाताला एकेक लागत होती. मागच्या थंडीत इतकी लागत नव्हती, हे सूनबाईच्या हाताला कळलं. आणखी एक थंडी ही पाठ जुन्या चुलीजवळ काढेल असं काही तिला वाटेना.

*

धूर मापायला शहरातून एक बाई यायची. तरुण, किडकिडीत, अंगात एकावर एक दोन स्वेटर आणि तरी नाक लाल. गावात तिला मापवाल्या बाई म्हणत. स्वभावाने फार सभ्य होती, म्हणून कोणाच्या घरी कधी येणार ते आधी सांगून जायची. ओळंब्याच्या घरी गुरुवारी येते म्हणाली.

बुधवारी आईने सूनबाईला माळ्यावर चढवलं. वर जुन्या दाराच्या फळ्या होत्या, वर्षानुवर्षं चुलीच्या उबेत राहून कडकडीत वाळलेल्या.

"आई, ती बाई धूर मापायला येणार आहे, जेवायला नाही."

"म्हणून काय झालं? परक्या बाईपुढे घरात धूर? आपल्याला काही अब्रू आहे का नाही?"

मग राख काढली गेली, भिंती झटकल्या, खिडकीला कोंबलेली चिंधी निघाली. बटाटे आदल्या दिवशीच उकडून ठेवले, म्हणजे गुरुवारी चुलीला कमी काम. मापवाल्या बाईंनी भिंतीला खिळा मारून बुटाच्या खोक्याएवढा एक डबा लटकवला. त्यातून बारीक घरघर यायची. उद्या याच वेळी काढून नेते म्हणाल्या. फळ्या ताशा वाजल्यासारख्या तडतडत जळल्या आणि धूर कुठे दिसेना. आई दिवसभर त्या डब्यासमोर ताठ बसून होती. खोकला आला की शालीचं टोक तोंडात धरून दाबायची, जणू डबा तेही मोजणार होता.

ओळंबा त्या दिवशी वरच्या आळीत कोणाचा तरी कोसळलेला बांध उभा करायला गेला होता. त्याला यातलं काही कळलं नाही.

आळीच्या दुसऱ्या टोकाला एक बाई राहायची, तिला सगळे घाईबाई म्हणत. तिच्याकडे डबा शुक्रवारी लागला. तिने सरळ अंगणात तीन दगड मांडले आणि सगळं बाहेरच रांधलं. खालच्या आळीत असा एकेकीचा वेगळा उपाय होता. वरच्या आळीत बऱ्याच जणींकडे नव्या चुली होत्या. त्यांनी उलटंच केलं. नवी चूल पाहुणीला नीट दिसावी म्हणून ती दिवसभर पेटती ठेवली. काही शिजवायचं नव्हतं तर नुसतं पाणी उकळलं, आटलं की परत ओतलं. एरवी एका हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, भागायचं तिथे तीन हारे लाकूड गेलं.

कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. घरी कोणी येणार म्हटल्यावर माणसं जशी वागतात तशी ती वागली.

*

निकाल सांगायला मापवाल्या बाई ओळंब्याच्या अंगणात आल्या तेव्हा तो वाळू चाळत होता. बाईंनी कागद काढला, परत पिशवीत ठेवला आणि इकडे तिकडे बघून एक वीट उचलली. ती वाळूवर ठेवली.

"दादा, ही वीट म्हणजे शून्य. नव्या आणि जुन्या चुलीत काहीच फरक नाही, ती जागा. विटेच्या उजवीकडे नव्या चुलीने धूर कमी झाला. डावीकडे वाढला."

ओळंबा चाळण ठेवून उकिडवा बसला. बाईंनी सरपणातली एक लांब काठी घेतली.

"आम्ही सगळे दिवस मापले नाहीत. थोडी घरं, प्रत्येकी एकच दिवस. एवढ्यावरून खरा फरक नेमका इथे आहे, असं बोट ठेवता येत नाही. म्हणून काठी टाकायची. खरा फरक या काठीखाली कुठेतरी असेल, असा भरवसा."

"कळलं. भिंतीला विटा किती लागतील विचारलं तर मीही एक आकडा सांगत नाही. एवढ्यापासून एवढ्यापर्यंत म्हणतो."

"अगदी तसं. आणि कधी तुमचाही अंदाज पार चुकत असेल."

"क्वचित."

"आमचाही क्वचित. अशा शंभर काठ्या टाकल्या तर पाचेकांखाली खरं सापडत नाही. कागदावर याला विश्वासाचं अंतर म्हणतात."

आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "विश्वास आहे तर अंतर कशाला ठेवता?" तिने विचारलं.

बाई हसल्या, पण हसू टिकलं नाही. त्यांनी काठी वाळूवर ठेवली. काठीचा मोठा भाग विटेच्या उजवीकडे गेला, पण डावं टोक विटेवरून पलीकडे उतरलं होतं. वीट काठीखाली होती.

ओळंब्याने काठीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. "म्हणजे धूर पुष्कळ कमी झाला असेल."

"हो."

"आणि अजिबात झाला नसेल."

"तेही असू शकतं. चुली वाईट आहेत असं नाही हो, दादा. चांगल्या आहेत असं छातीठोक म्हणता येत नाही, एवढंच. पण कार्यालयाला छातीठोक लागतं. पुढच्या नळ्या त्यांनी थांबवल्यात."

ओळंब्याने काठी उचलली नाही, वीटही नाही. तो दोन्ही ओलांडून गेला आणि खिशातला ओळंबा काढून स्वतःच्याच घराच्या भिंतीला लावून बघत उभा राहिला. भिंत सरळच होती.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. किराणावाल्याने मीठ बांधता बांधता विचारलं, "काय ओळंबा, चूल सरळ बांधलीस आणि धूर तेवढा वाकडा गेला होय?" दुकानातले चार जण हसले. हाही हसला, मिठाची पुडी घेतली आणि सुटे घ्यायला विसरून आला. दुसऱ्या दिवसापासून त्याने कामावरून आल्यावर शिडी घ्यायची आणि वरच्या आळीतल्या एकेका छपरावर चढायचं, असं सुरू केलं. नळीत काजळी धरली का, सांधा उसवला का, आतल्या वाटेत वीट सरकली का. हात कोपरापर्यंत काळे करून घरी यायचा. चूक सापडेना. एखादी सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायला लागलं होतं. आई चुलीपाशी खोकली की त्याचा घास हातातच थांबायचा.

*

डबे लटकवायचे खिळे आणि हूक परत न्यायला मापवाल्या बाई एका सकाळी आल्या त्या न सांगता. वरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली होती, चालत आल्या, धुक्यात वाट चुकल्या आणि पहिलं दार दिसलं ते ठोठावलं. ते ओळंब्याचं निघालं.

आत काही दिसत नव्हतं. चुलीत ओलं लाकूड फेसाळत होतं. कमरेच्या उंचीपासून छपरापर्यंत धुराचा एकच थर होता आणि त्याच्या खाली, पाटावर, आई फुंकणी घेऊन वाकली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाकातून गळत होतं. बाईंना पाहून तिने धडपडत उठायचा प्रयत्न केला आणि तिला असा खोकला आला की सूनबाईने पीठ भरलेल्या हातांनीच तिला धरलं.

"या, बाई, या," आई श्वास सापडल्यावर म्हणाली. "आज जरा झालाय. एरवी नसतो हो एवढा."

सूनबाई पीठ झटकत म्हणाली, "रोज असतो."

आईने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी सून बाहेर निघून गेली असती. ही तिथेच उभी राहिली.

बाई उभ्या राहू शकल्या नाहीत. खाली धूर कमी म्हणून त्या जमिनीवरच बसल्या, आईच्या पाटाला टेकून. डोळ्यांना धार लागली होती. आईने आपल्या शालीचं टोक त्यांच्या हातात दिलं. एका शालीच्या दोन टोकांनी दोघी डोळे पुसत बसल्या.

"आजी," बाई म्हणाल्या, "मग त्या गुरुवारी एवढासा धूर कसा होता? तुमच्या घरचा आकडा बघून मला नवलच वाटलं होतं."

"त्या दिवशी तू येणार होतीस ना."

बाईंनी शालीचं टोक खाली केलं. "मी येणार म्हणून काय केलंत?"

"काय करणार? घर आवरलं. माळ्यावरच्या फळ्या जाळल्या. तुझ्यापुढे धूर काय करायचा?"

"आणि बाकीच्यांनी?"

"मला काय माहीत दुसऱ्यांचं," आई म्हणाली, आणि मग राहवलं नाही म्हणून म्हणाली, "घाईबाईने अंगणात रांधलं. आणि वरच्या आळीत तर नुसतं पाणी उकळत बसल्या होत्या दिवसभर, मिरवायला."

बाई हसायला लागल्या. आधी डोळ्यांत धुराचं पाणी होतंच, त्यात हे. "माझीच चूक, आजी. मी आधी वर्दी दिली. सांगून गेलं की घर झाडलेलंच सापडणार. माझी आईसुद्धा मी येणार म्हटलं की पडदे धुते."

ओळंबा केव्हा दारात येऊन उभा राहिला ते कळलं नव्हतं. शिडी त्याच्या खांद्यावरच होती.

"आई, तू फळ्या जाळल्यास?"

"पाहुणीसाठी."

"आणि मी इतके दिवस छपरांवर चढतोय."

"मग उतर आता," आई म्हणाली.

त्याने शिडी भिंतीला लावली आणि उंबऱ्यावर बसला. चेहरा दोन्ही हातांनी चोळला, त्यामुळे हातांची काजळी चेहऱ्यावर आली. रागावला होता का? होता, पण राग कोणावर काढायचा ते त्याला सापडेना, कारण पाहुणीसाठी घर आवरणाऱ्या आईवर कोण रागावणार. मग त्याने एवढंच विचारलं, "बाई, थंडी अजून उरलीय. परत मापता येईल?"

"येईल. मी कार्यालयाशी भांडेन. यावेळी डबा प्रत्येक घरात बरेच दिवस ठेवू, म्हणजे काठी आखूड होईल. कधी लावणार ते सांगणार नाही. पण घरातल्यांनी रोज करतात तेच करायला हवं, आणि तिथे माझं काही चालत नाही. माझ्यासमोर हो म्हणतील आणि मी वळले की खिडक्या उघडतील."

आईने शाल आवरली. "त्यांना मी सांगते," ती म्हणाली.

*

आळी लांब नव्हती, पण आईला ती लांब पडली. सूनबाईच्या हाताला धरून ती निघाली. प्रत्येक दाराशी आधी भिंतीला टेकायची, श्वास जागेवर आला की मग हाक मारायची. तिला सांगायचं ते तसं सोपं नव्हतं. सगळा जन्म तिने घरातला धूर चारचौघांपासून झाकला होता. येणाऱ्याला अंगणातच बसवायचं, धुराचा वास जायला कपडे उन्हात टाकूनच बाहेर पडायचं. आता दारोदार जाऊन तीच सांगत होती की माझ्या घरात किती धूर होतो ते मी मापू देणार आहे, तूही दे.

"लोक काय म्हणतील?" घाईबाईने विचारलं.

"लोकांच्या घरातही तोच आहे."

घाईबाईच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "मग असं करते ना, ओलं तेवढंच जाळते! असा काळाकुट्ट करते की डबा भरून वाहील. म्हणजे नवी चूल आपल्याकडे पळत येईल."

"तसंही नाही करायचं."

"अहो, पण आपल्याच भल्याचं—"

"रोजचं म्हणजे रोजचं," आई म्हणाली. "कमी नको, जास्त नको. आणि काही घाई नको."

वरच्या आळीत सूनबाई जाऊन तेच सांगून आली. डबे लागले. पहिले एक-दोन दिवस आळी त्यांच्याकडे चोरून बघत होती, पण ताठ बसून माणूस किती दिवस बसणार? हळूहळू डब्याची घरघर कानाआड झाली. खिडक्यांच्या चिंध्या जागेवर राहिल्या, भांडणं परत मोठ्या आवाजात सुरू झाली.

आणि नेमका तेव्हा वारा फिरला. धुकं उठलं, ऊन पडलं, ताडपत्र्या उघडल्या गेल्या. लाकूड जरासं वाळलं आणि चुली बऱ्यापैकी जळायला लागल्या. एरवी सूनबाई खूश झाली असती. आता चुलीतला स्वच्छ जाळ बघून ती मनात हिशेब मांडायला लागली. धूर कमी म्हणजे फरक कमी. फरक कमी म्हणजे काठी परत विटेवर, आणि पुढची थंडी जुन्याच चुलीपुढे. वरच्या आळीतही हाच वारा वाहतोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला फक्त समोरची पाठ दिसत होती.

दुपारी आई डोळे मिटून पडली होती. सूनबाई मागच्या दारी गेली. ढिगाच्या अगदी तळातलं, शेवाळलेलं एक लाकूड तिने शालीखाली घेतलं आणि आवाज न करता चुलीत सारलं. त्याच्या टोकाला फेस आला. पांढरा जाड धूर चुलीच्या तोंडातून बाहेर वळला.

चिमट्याचा आवाज झाला. आई उठून बसली होती. तिने चिमट्याने लाकूड धरलं, दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं आणि राखेत आडवं केलं. एवढ्याने तिला दम लागला.

"आई, असू दे," सूनबाई कुजबुजली. डबा ऐकेल अशी तिला उगाच भीती वाटली. "धूर कमी पडतोय. काठी परत विटेवर जाईल."

"जाऊ दे."

"आणि तुमची छाती?"

"छाती माझी आहे ना? मग माझं ऐक." आईने चिमटा खाली ठेवला. थोडा वेळ नुसता श्वास घेतला. "अशी लबाडीने चूल आली तर पोरगा रोज तिच्याकडे बघत बसेल. त्याला आपण सांगणार नाही, पण त्याला वाकडं दिसतंच. आणि मग मला त्याच्या तोंडाकडे बघवायचं नाही. त्यापेक्षा हा धूर बरा."

सूनबाई तिच्याजवळ बसली आणि रडली. चुलीतला जाळ स्वच्छ होता, त्यामुळे धुराचं निमित्तही सांगता आलं नाही. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतली राख एकेक वेचत राहिली. सासू म्हणून ती तोंडाची तिखट होती, हाताची कधीच नव्हती. सूनबाईला स्वतःची आई आठवत नव्हती, आणि त्या घरात आल्यापासून आठवायची गरजही पडली नव्हती.

पुढे धुकं परत आलं, परत गेलं. डबे घरघरत राहिले आणि एक दिवस बाईंनी ते काढून नेले.

*

निकाल आला तोपर्यंत झाडांना पालवी फुटली होती. आईला आता अंगणात आणून बसवावं लागे. उन्हात तिचे हात कागदासारखे पातळ दिसायचे. मापवाल्या बाई आल्या, एकच स्वेटर घालून, आणि सरळ वाळूच्या ढिगाकडे गेल्या. वीट तिथेच होती. ओळंब्याने ती इतके दिवस कोणाला हलवू दिली नव्हती.

बाईंनी काठी घेतली, आधीच्यापेक्षा आखूड. वाळूवर ठेवली, कागद बघून जरा सरकवली आणि बाजूला झाल्या.

ओळंबा वाळूत चक्क पालथा पडला आणि गाल जमिनीला लावून बघायला लागला. विटेच्या उजवीकडे आधी मोकळी वाळू होती. काठी त्यानंतर सुरू होत होती. वीट काठीच्या बाहेर होती.

"लागत नाही," तो म्हणाला. परत म्हणाला, "कुठेच लागत नाही."

"नाही लागत, दादा. तुमच्या चुलींनी धूर कमी केलाय. नळ्या येतायत."

तो उठला नाही. तसाच पडून राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. सूनबाईने मान वळवली, कारण आपण बघितलं हे त्याला आवडलं नसतं.

"पोरी," आईने बाईंना हाक मारली, "ते एवढ्यापासून एवढ्यापर्यंत म्हणतेस ना, त्यातलं कमीत कमी कोणतं?"

"हे अलीकडचं टोक, आजी. विटेपासून इथपर्यंत. निदान एवढा तरी धूर कमी, असं धरायचं. पण खरं सांगते, हे सगळ्या घरांचं मिळून आहे. तुमच्या एका घरात नेमका किती होईल ते मला सांगता यायचं नाही."

"मी सगळ्यांतच आले." आईने सूनबाईचा हात धरला आणि वाकून विटेची कड आणि काठीचं टोक यांच्यामध्ये आपली बोटं आडवी ठेवली. चार बोटं बरोबर बसली. "जास्तीचं ज्याला मिळायचं त्याला मिळू दे. मला एवढं पुरे."

नळ्या आल्या तेव्हा ओळंब्याने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवलं की आळीच्या त्या टोकापासून बांधत यायचं, म्हणजे स्वतःचं घर शेवटी. बायकोने त्या दिवशी भांडी जरा जोरात घासली. सकाळी घाईबाई दारात उभी.

"पहिला नंबर माझाच लागतो ना? मग ऐक. माझी चूल शेवटी बांध. आधी आईंची. मला काही घाई नाही."

तिच्या तोंडून हे ऐकून ओळंब्याच्या हातातली थापी खाली पडली.

बांधताना त्याने थर समपातळीत आहे का ते बघायला पाणसळ लावली, ओळंबा सोडला, सगळं रीतसर केलं. फक्त उंची मापायला दोरी घेतली नाही. आईला पाटावर बसवलं, तिचा हात पुढे करायला लावला आणि जिथे तो न उचलता पोचला तिथे वीट संपवली. गावातल्या सगळ्या चुलींहून ती थोडी बुटकी झाली. कोणी विचारलं तर काय सांगणार, असं बायको म्हणाली. बरोबर आहे असं सांगेन, तो म्हणाला.

माती वाळल्यावर पहिला जाळ आईनेच घातला. लाकूड पुन्हा जरा ओलं होतं; ते फेसाळलं, कुरकुरलं. आईने सवयीने फुंकणी उचलली, सवयीने शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि तसंच धरून बसली. धूर आतल्या वाटेने वळला आणि नळीतून वर निघून गेला. थोडा पत्र्याच्या फटीतून आलाही, नाही असं नाही. आई खोकली. तो खोकला इतक्या वर्षांचा होता, एका जाळाने कसा जाणार? पण खोकून झाल्यावर तिला श्वास लगेच सापडला.

सूनबाई पाण्याचा हंडा घेऊन मागच्या दारात आली आणि तिथेच थांबली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने चुलीपुढे बसलेली आई रोज पाहिली होती, पण वाकलेली, धुरात अर्धी. आज दारातून तिला तिचा चेहरा दिसत होता. जाळाचा उजेड गालांवर पडला होता. डाव्या गालावर एक छोटासा तीळ होता, आणि तो तिने कधी नीट पाहिलाच नव्हता.

"आई," तिने विचारलं, "पडतोय का काही फरक?"

आईने डोळ्यांवरून शाल काढली. टोक कोरडं होतं. तिने हात वर करून चार बोटं दाखवली.